मुलं झोपली की प्रकरण संपतं

चष्मेआजोबा या जगात नाहीत आणि कधी नव्हते. हे मी अगदी खात्रीने सांगू शकतो, कारण गेली कित्येक वर्षं चष्मेआजोबा मीच आहे. पुस्तकाच्या मागच्या बाजूला जो गोल चेहऱ्याचा, नाकावर चष्मा घसरलेला म्हातारा हसताना दिसतो, तो प्रकाशनाच्या चित्रकाराने एका दुपारी चहा गार होईपर्यंत काढला. माझ्या आधी दोघे जण चष्मेआजोबा होऊन गेले. पहिल्या एक शाळेतल्या बाई. त्यांनी मालिका सुरू केली आणि लग्न करून दूर निघून गेल्या. दुसरे एक जाहिराती लिहिणारे गृहस्थ, त्यांना लहान मुलं आवडत नाहीत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग आयत्या बिळावर नागोबा म्हणून मी येऊन बसलो.

मालिकेचं नाव 'जिन्याखालची टोळी'. ढोल्या, काडी आणि शेंडेफळ अशी तीन भावंडं आणि बोका नावाचा कुत्रा. जिन्याखालच्या अडगळीत त्यांचं कार्यालय. ही पोरं हरवलेल्या वस्तू शोधतात, चोर पकडतात, शेजारच्या म्हातारीचं घड्याळ कुणी नेलं ते ओळखतात. दर पुस्तक तेवढ्याच पानांचं, दर पुस्तकात तेवढीच प्रकरणं. शिंप्याने एकाच मापाचे गणवेश शिवत राहावं तसं काम. कापड बदलतं, बाह्या त्याच.

प्रकाशनात संपादकबाईंच्या टेबलावर मालिकेच्या नियमांची एक जाड फाइल असते. पहिल्याच दिवशी बाईंनी ती माझ्यापुढे सरकवली आणि चष्म्याच्या वरून बघत म्हणाल्या, "यात जे आहे ते बदलायचं नाही, आणि यात जे नाही ते घालायचं नाही. बाकी तुम्ही मोकळे." मुलं मोठी होत नाहीत. बोका मरत नाही. चोर शेवटी रडतो आणि त्याला कुणी मारत नाही. आईबाबांना पहिल्याच पानावर कामासाठी परगावी धाडायचं, कारण आई घरात असली तर पोरांना अंधाऱ्या तळघरात उतरू देणार कोण? मुलांना सांभाळायला मावशी. मावशी रागावत नाही, चौकशा करत नाही, आणि तिच्याकडे नेहमी काहीतरी खायला असतं. आणखी एक नियम होता, तो बाईंचा फार लाडका. गोष्ट मुलांच्याच डोळ्यांनी दिसली पाहिजे. त्यांनी जे पाहिलं नाही ते वाचकानेही पाहायचं नाही. त्यामुळे मुलं झोपली की प्रकरण संपतं. "मुलं झोपली, दिवा बंद, पान संपलं," असं बाई म्हणायच्या आणि हाताने हवेत दिव्याचं बटण दाबून दाखवायच्या.

सगळ्या नियमांची मी मनातल्या मनात टिंगल केली, याची मात्र नाही. हा नियम मला मनापासून आवडला. एखाद्या प्रकरणाचा शेवट सुचेना, की द्यावं पोरांना झोपवून.

हे काम मी करतो ते कुणालाही सांगायचं नाही, असं करारात लिहिलेलं होतं. बायकोला ठाऊक होतं, कारण तिच्यापासून काही लपवायला लागणारी अक्कल माझ्यात नाही. बाकी सगळ्यांना, आईलासुद्धा, मी प्रकाशनात मुद्रितं तपासतो असं सांगितलेलं. ते अगदीच खोटं नव्हतं. स्वतः लिहिलेली मुद्रितं तपासायचोच की.

आई आमच्याकडेच राहते. टेलिफोनच्या केंद्रात तिची अख्खी नोकरी गेली. कानाला यंत्र लावून, समोरच्या भोकांत तारा खुपसून या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा, हे तिचं काम. माझे वडील मी लहान असतानाच गेले. आईने रात्रपाळी मागून घेतली, कारण रात्री मला झोपवायला कुणी असलं की पुरे, दिवसा शाळा होतीच. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर माझी मावशी राहायची, आईची थोरली बहीण. मी जेवायचो तिच्याकडे, अभ्यास करायचो तिच्याकडे, झोपायचोही तिच्याकडे. सकाळी मी शाळेला निघायचो तेव्हा आई डोळे चोळत जिना चढत असायची. आम्ही एकमेकांना जिन्यात भेटायचो. ती माझी कॉलर सरळ करायची आणि वर जायची. माझ्या लहानपणातली आई म्हणजे एवढीच.

टोळीचं पहिलं पुस्तक मी घरी आणलं ते माझ्या मुलीसाठी. आजी तिला वाचून दाखवायची. मुलगी मोठी झाली, शिकायला वसतिगृहात गेली. टोळी आजीकडेच राहिली. नवं पुस्तक आलं की आई हातातलं काम टाकून ते घेऊन बसायची, आणि वाचून झालं की मला ऐकवायची.

"काय लिहितो रे हा म्हातारा! एक शब्द अडत नाही. नाहीतर तू."

हे 'नाहीतर तू' माझ्या एकुलत्या एका कादंबरीबद्दल असायचं. तरुणपणी मी एक कादंबरी लिहिली होती, माझ्या स्वतःच्या नावाने. एक एकटा माणूस खिडकीत बसतो आणि बसूनच राहतो अशी ती होती. वाचकांना रडू येईल असं मला वाटलं होतं. रडला तो प्रकाशक. आईने ती पूर्ण वाचली, दोन दिवस गप्प राहिली आणि म्हणाली, "छान आहे. अक्षर जरा बारीक आहे."

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो लेखक तिला सगळ्यात आवडायचा तो तिच्यासमोर बसून भात चिवडत असायचा आणि टोमणे खात असायचा. सांगून टाकावं असं मला शंभरदा वाटलं. करार आडवा येत होता असं मी स्वतःला सांगायचो. खरं कारण वेगळंच होतं. मला तिची शाबासकी त्या कादंबरीसाठी हवी होती, ढोल्या आणि काडीसाठी नको होती. आपल्याला भूक कशाची आहे हे माणसाला कळत नाही ते असं.

मग आईच्या डोळ्यांनी दगा दिला. पडद्याचा त्रास, डॉक्टर म्हणाले, आता यावर फारसा इलाज नाही. तिला कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलेलं असतं. म्हणून ती खुर्चीत बसून माझा चेहरा बघायचा असला की दाराकडे बघते. पाहुण्यांना वाटतं म्हातारी कुणाची तरी वाट बघतेय.

वाचणं थांबलं. मग मी कामावरून आलो की चहा घेऊन तिच्याजवळ बसायचो आणि टोळी वाचून दाखवायचो. माझीच वाक्यं, माझ्याच आवाजात, आणि कौतुक चष्मेआजोबांचं. "थांब थांब, ते पुन्हा वाच," ती म्हणायची. मी पुन्हा वाचायचो. कधीकधी मजा यायची, कधीकधी चीड यायची.

ज्या दिवशी माझ्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती रद्दीत गेल्याचं कळलं, त्या दिवशीही मी वाचायला बसलो. बसायला नको होतं. मी वाचत होतो त्यात मावशी जिन्याखाली डोकावते, मुलांच्या ओंजळी शेंगदाण्यांनी भरते आणि वाटणीवरून भांडण सुरू होण्याआधीच म्हणते, "मोजू नका, खा." आई हसली. मग म्हणाली, "बघ, एवढ्याशा वाक्यात बाई उभी केली त्याने. तू रोज हे वाचतोस तर जरा शिकत जा की. अजून काही वय गेलं नाही तुझं."

माझा राग मला ठाऊक आहे. तो येताना दार वाजवत नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"कुणाकडून शिकू? मीच लिहितो हे सगळं! कोण आजोबा आणि कसला आजोबा! आजोबा नाहीच कुणी!"

"चल," आई हसतच म्हणाली.

मी पुस्तक मिटून तिच्या मांडीवर ठेवलं आणि पुढचं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्याच्या पुढचंही. मग पुढच्या पुस्तकात काय होणार तेही सांगितलं. घोड्याला चाबूक मारावा तसा मी बोलत होतो. आईचं हसू कुठल्या वाक्याला गेलं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

"सगळी तू लिहिलीस?"

"सुरुवातीची काही सोडून सगळी."

"हे 'मोजू नका, खा' तूच लिहिलंस?"

"हो. मग?"

"ताई असंच म्हणायची," आई म्हणाली.

ताई म्हणजे माझी मावशी. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी ते वाक्य लिहिलं तेव्हा ते कुठून आलं याचा विचारही केला नव्हता. हात आपोआप लिहीत गेला होता.

मला वाटलं होतं, आई आता रडेल, किंवा माझा हात धरेल, किंवा निदान म्हणेल की अरे लबाडा, इतकी वर्षं बोलला नाहीस. तिने पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली. जिथे म्हाताऱ्याचं चित्र असतं तिथे थांबली.

"मला वाटायचं, या बिचाऱ्याला आई नसेल," ती म्हणाली. "लहानपणीच गेली असेल. म्हणून दर पुस्तकात पहिल्या पानावर तिला परगावी पाठवून देतो, आणि मग तिचं नावही काढत नाही. मला त्याची फार दया यायची रे."

मी काही बोलायच्या आत ती उठली आणि भिंतीला हात लावत तिच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिला नियम समजावून सांगायला गेलो. फाइल आहे, फाइलीत लिहिलेलं आहे, मी यायच्या आधीपासून आई परगावीच असते, मावशीही आधीपासूनच आहे, मुलांच्या गोष्टीत सगळीकडे असंच करतात. वकिलासारखा मुद्दे मांडत होतो. आई चादरीच्या घड्या घालत होती. चादर घडी घालून झाली, तिने ती पुन्हा उलगडली.

"असेल ना नियम," ती म्हणाली. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय तू काढलंयस?"

"आई, अगं तसं नाही."

"मी एकदाही परगावी गेले नाही रे. परगावचे फोन तेवढे जोडत होते."

नियम होता हे खरं होतं. पण तो नियम मला कधी टोचला नाही, उलट अंगच्या कपड्यासारखा बसला, हेही तितकंच खरं होतं. त्या संध्याकाळी मी पुस्तक घेऊन गेलो तर ती म्हणाली, "राहू दे. दमून आला असशील." त्यानंतर रोजच मी दमून आलेला असायचो.

बायको म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंत. आता निस्तरा."

निस्तरायची मला एकच रीत येते. मी आईच्या खोलीच्या दारात उभा राहून सांगितलं, "पुढच्या पुस्तकात आई घरी येते. बघच तू." आठवडाभराने, मी चहाचा कप तिच्या हातात देत असताना, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आली का ती घरी?"

"येतेय," मी म्हणालो. "तिसऱ्या प्रकरणात."

मी खरंच लिहिलं. इतक्या हौसेने त्या मालिकेत मी कधीच काही लिहिलं नव्हतं. भर दुपारी फाटक वाजतं, बोका आधी भुंकतो आणि मग शेपूट हलवायला लागतो, आणि दारात आई. हसरी, नवी कोरी पिशवी हातात, पिशवीत तिघांसाठी खाऊ. ती जिन्याखाली शिरते, डोकं आपटून घेते, पोरांबरोबर जमिनीवर बसून नकाशा बघते आणि चोराची खूण पहिल्यांदा तिलाच सापडते. आई रोज विचारायची, "आज काय केलं तिने?" मी सांगायचो. ती ऐकून घ्यायची, बरं-वाईट काही म्हणायची नाही. पण विचारायची मात्र रोज.

हस्तलिखित दिलं आणि दोन दिवसांनी संपादकबाईंचं बोलावणं आलं. त्या मला कार्यालयात 'आजोबा'च म्हणतात. आधीच्या दोघांनाही तेच म्हणायच्या. नाव लक्षात ठेवायचे कष्ट वाचतात.

"आजोबा, हे काय केलंत?"

"काय केलं?"

"आई घरी आलीय."

"आईच आहे. तिचंच घर आहे."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, आई तिसऱ्या प्रकरणात आली तर बाकीच्या प्रकरणांत पोरांनी काय करायचं? गृहपाठ?"

"एकाच पुस्तकात. एकदाच."

"एकदाच म्हणूनच नको," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "आत्ता ती परगावी आहे म्हटलं की एकही मूल विचारत नाही. कामाला गेलीय, येईल. पण तुम्ही तिला एकदा घरी आणलीत, हसवलीत, मांडीवर बसवलंत पोरांना, आणि पुढच्या पुस्तकात पुन्हा पाठवलीत, तर ती सोडून गेली असं होईल. मला पत्रं येतील मुलांची. त्यांना काय सांगू?"

मी भांडायला गेलो होतो. घरून येताना बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. हे छापा नाहीतर दुसरा आजोबा शोधा, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्यापुढे माझा राग नेहमी शेपूट घालतो. चुकीच्या माणसांपुढेच तो वाघ असतो. मी म्हणालो, "बरं." बाईंनी हस्तलिखित परत दिलं आणि कापाकापी मलाच करायला सांगितली. मी बसून आईला पानापानातून काढलं. खूण शेंडेफळाला सापडली. खाऊची पिशवी मावशीच्या हातात गेली. पहिल्या पानावर मी लिहिलं, "आईबाबा कामासाठी परगावी गेले होते." हात जराही अडखळला नाही, याचंच मला नंतर सगळ्यात वाईट वाटलं.

आईला मी हे सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत मूग गिळून बसलो. पुस्तक छापून आलं तेव्हा तिने ते हातात घेऊन नाकाशी नेलं. नव्या पुस्तकाचा वास तिला आवडतो.

"आली?" तिने विचारलं.

"आली," मी म्हणालो.

"मग वाच." कितीतरी दिवसांनी तिने मला वाच म्हटलं होतं.

कापाकापी करायच्या आधीची माझी पानं घरात होती. मी पुस्तक उघडून त्यात ती सुटी पानं ठेवली आणि वाचायला लागलो. म्हटलं, तिला कुठे दिसतंय. हे मी मनात म्हटलं ते जसंच्या तसं सांगतोय, माझी लाज मलाच कळावी म्हणून. फाटक वाजलं. बोका भुंकला. आई दारात हसत उभी राहिली. मी आवाज काढत वाचत होतो, आईचा वेगळा, पोरांचा वेगळा. समोरच्या खुर्चीत माझी आई दाराकडे तोंड करून, मान जराशी कलती ठेवून ऐकत होती. कानाला यंत्र लावून बसायची तेव्हा ती अशीच बसत असणार.

"थांब," ती म्हणाली. "हे पुस्तक नाही."

"म्हणजे?"

"पुस्तकाचं पान असं वाजत नाही. मोठा कागद आहे हा. सुटा."

खोटं बोलायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"छापलं नाही ना त्यांनी?"

"नाही."

"भांडलास?"

"थोडा."

"थोडा," ती म्हणाली. रागावली नव्हती. नुसता तो शब्द तिने एकदा तोंडात घोळवून बघितला. माझ्या मनात आलं, आता ती उठेल आणि भिंतीला हात लावत निघून जाईल, आणि या वेळी मी तिला कुठला नियम सांगणार? मला तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती उठली नाही. तिने खुर्चीत पाय वर घेतले.

"वाच. सुटं तर सुटं."

मी वाचत गेलो. नकाशा झाला, खूण सापडली, संध्याकाळ झाली, पोरं जेवली. ढोल्या घोरायला लागला. काडीने भिंतीकडे तोंड केलं. शेंडेफळाने बोक्याच्या पाठीवर डोकं टेकलं, आणि मुलं झोपली. मी कागद खाली ठेवला.

"पुढे?" आई म्हणाली.

"प्रकरण संपलं."

"संपलं कसं?"

"मुलं झोपली की प्रकरण संपतं. तसा नियमच आहे."

"अरे देवा," आई म्हणाली आणि हसायलाच लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने बोटांनी डोळे पुसले. "म्हणून तुझ्या पुस्तकांत मी नाही होय. अरे, मी यायचे ती तू झोपल्यावर."

"तू सकाळी यायचीस."

"सकाळी तर यायचेच. रात्री मधल्या सुट्टीतही यायचे. रोज. केंद्र कुठे लांब होतं, गल्लीच्या टोकाला तर होतं. बाकीच्या बायका डबा खायच्या, मी धावत घरी यायचे. ताई कडी काढून ठेवायची. चपला हातात घेऊन आत यायचे, वाजू नयेत म्हणून, आणि तुझ्या उशाशी बसायचे. तू पालथा झोपायचास, एक पाय अंथरुणाबाहेर. तो आत घेऊन ठेवला की तू पुन्हा बाहेर काढायचास."

"मग उठवलं का नाहीस?"

"ताईही तेच म्हणायची. उठव गं एकदा, बघू दे त्याला. पण उठवलं असतं तर तू मला परत जाऊ दिलं असतंस का? आणि सांगितलं असतं तर तू जागा राहिला असतास वाट बघत. सकाळची शाळा होती तुझी. म्हणून ताईलाही बजावून ठेवलं होतं, बोलायचं नाही म्हणून. शेवटपर्यंत बोलली नाही बिचारी."

मी खाली ठेवलेल्या कागदाकडे बघत बसलो. मुलांनी जे पाहिलं नाही ते वाचकाने पाहायचं नाही. ढोल्या, काडी आणि शेंडेफळ यांना मी किती वेळा झोपवलं असेल आणि दर वेळी सुटलो बुवा म्हणून कागद बाजूला सारला असेल. इतकी पुस्तकं लिहिली, पण एकाही पुस्तकात मी अर्धं पान जास्त जागा राहिलो नाही. राहिलो असतो तर कडी वाजलेली ऐकू आली असती. तिला मी जन्मभर परगावी धाडत राहिलो आणि ती गल्लीच्या टोकाला होती. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही, आणि लपवून तरी काय, तिच्या कानांना ते कळलंच असतं.

"रडतोस काय," ती म्हणाली. "वाच पुढे."

"पुढे काही लिहिलेलंच नाही, आई."

"मग न लिहिलेलं वाच. इतकी वर्षं तेच तर काम केलंस, नसलेल्या माणसाच्या नावाने. मुलं झोपली. तिथून पुढे."

मी कागद पुन्हा उचलला. खाली अर्धं पान कोरं होतं.

"मुलं झोपली," मी म्हणालो. "मग कडी हळूच निघाली. आणि आई आत आली."

"हसत नाही हं. दमलेली. आणि चपला?"

"चपला हातात घेऊन आई आत आली. ती दमली होती. ती उशाशी बसली."

"पाय," ती म्हणाली.

"एकाचा पाय अंथरुणाबाहेर होता. तिने तो आत घेतला."

"हं," आई म्हणाली. "आता बरोबर आहे. वाच."

ती खुर्चीत मान कलती करून ऐकत होती आणि दाराकडे बघत होती, म्हणजे माझ्याकडेच.